टुंड्रातला पांढरा लांडगा

मुलांनो, परवा भूगोलाच्या तासाला टुंड्रा प्रदेश चालू असताना चौथीतल्या एका मुलाने विचारले, "बाई, तिथले लांडगे दिवसरात्र बर्फावर अनवाणी फिरतात. त्यांचे पाय नाही का हो गारठत?" सगळा वर्ग हसला. मला मात्र लगेच उत्तर देता आले नाही. मग पुस्तके धुंडाळली आणि जे सापडले ते इथे लिहून लावले आहे. मधल्या सुटीत वाचा. ढकलाढकली नको, पुढच्यांनी खाली बसावे.

आधी कपाटावरचा पृथ्वीगोल खाली घ्या. आपला महाराष्ट्र साधारण १६ ते २२ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहे. तिथून बोट वर वर सरकवत ८० अक्षांशापर्यंत न्या आणि कॅनडाच्या अगदी वरच्या टोकाला थांबा. तिथे एल्समिअर नावाचे मोठे बेट आहे. बेटावर झाड म्हणून नाही. जमीन खाली कायम गोठलेली. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा वितळतो आणि त्यात गवत, शेवाळ, गुडघ्याच्याही खालीच राहणारी खुरटी झुडपे उगवतात. बेटावरच्या युरेका या ठिकाणी १९४७ साली हवामान केंद्र सुरू झाले. तिथे ऑक्टोबरच्या शेवटी सूर्य मावळतो तो थेट फेब्रुवारीत उगवतो. म्हणजे चार महिने रात्रच! उन्हाळ्यात उलटे, सूर्य मावळतच नाही.

अशा मुलखात हा पांढरा लांडगा राहतो. आपल्याकडे सोलापूर, नगर भागातल्या माळरानावर जो लांडगा दिसतो, त्याची आणि याची जात एकच बरं का. पण अंगकाठी पाहा. आपला लांडगा वीस किलोच्या आसपास, सडपातळ, कान मोठे, अंगावर केस विरळ. कारण त्याला उन्हात अंगातली उष्णता बाहेर टाकायची असते. तिकडचा तीस ते पंचेचाळीस किलोचा. त्याचे कान लहान, मुस्कट आखूड, केसांचे दोन थर. आतला थर मऊ लोकरीसारखा, बाहेरचा लांब केसांचा. झोपताना तो अंगाचे वेटोळे करतो आणि झुपकेदार शेपूट नाकावर घेतो. आपण थंडीत गोधडी तोंडावर ओढतो तसेच.

आता पायांचे. लांडग्याच्या पायात ऊन रक्त खाली नेणारी नळी आणि गार रक्त वर आणणारी नळी अगदी शेजारी शेजारी असतात. खाली जाता जाता ऊन रक्त आपली ऊब शेजारच्या गार रक्ताला देऊन टाकते. त्यामुळे वर येणारे रक्त कोमट होऊन येते आणि तळव्याला पोचणारे रक्त आधीच निवलेले असते. तळवाच थंड, मग बर्फात उष्णता वाया जाणार किती? तळवा गोठू नये एवढीच ऊब तिथे राहते. तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याचे अर्धे बरोबर आहे. त्यांचे पाय गार असतात, पण निकामी होत नाहीत. हसणाऱ्यांनी आता त्याची माफी मागायला हरकत नाही.

खायचे काय? पांढरे ध्रुवीय ससे, लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी, पक्षी आणि मुख्य म्हणजे मस्कऑक्स. हा दिसायला जमिनीपर्यंत केस लोंबणारा बैल, वजन दोनशे-तीनशे किलो, कधी त्याहून जास्त. लांडगे आले की मस्कऑक्स वासरांना मध्ये घेतात आणि शिंगे बाहेर करून कडे करून उभे राहतात. त्या कड्यापुढे लांडग्यांचे काही चालत नाही. ते भोवती फिरतात, हूल देतात, बसून वाट पाहतात. कळप बिथरून पळाला, एखादे वासरू मागे पडले, तरच शिकार. पुष्कळदा त्यांना रिकाम्या पोटी परतावे लागते. उरलेले मांस ते पुरून ठेवतात आणि पुढे उकरून खातात.

या लांडग्यांविषयी आपल्याला एवढे कळले ते डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञामुळे. बाकी ठिकाणचे लांडगे माणूस दिसताच पळतात. एल्समिअरवर माणसाने त्यांना फारसे छळलेले नाही, म्हणून ते जवळ येऊ देत. १९८६ पासून मेकसाहेब उन्हाळ्यात तिथे जाऊन गुहेजवळ मुक्काम करीत आणि लांडग्यांचे घर पाहत.

त्यातून एक मोठी चूक उघडकीस आली, आणि ती त्यांची स्वतःचीच होती. झाले असे की, १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिले होते. तिथे कोंडलेले लांडगे भांडत, जो जिंकेल तो म्होरक्या. मेकसाहेबांनी १९७० सालच्या आपल्या पुस्तकात तीच समजूत मांडली आणि जगभर पसरली. पण एल्समिअरवर त्यांना दिसले ते निराळेच. कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची लहानमोठी पोरे! आईबाप पुढे चालतात कारण ते आईबाप आहेत, मारामारी जिंकली म्हणून नव्हे. शिकारीहून मोठे लांडगे आले की पिल्ले त्यांची तोंडे चाटतात, आणि ते पोटातले मांस ओकून पिल्लांना भरवतात. वाचायला कसेतरी वाटते, पण तिथे डबा न्यायची हीच सोय. १९९९ साली मेकसाहेबांनी हे सगळे सविस्तर लिहिले आणि आपले जुने पुस्तक छापणे थांबवा, असेही प्रकाशकाला सांगितले. शुद्धलेखनातली चूक खोडताना तोंड वाकडे करणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

चार महिन्यांच्या काळोखात हे लांडगे काय करतात, हे मात्र कोणी पाहिलेले नव्हते. जुलै २००९ मध्ये एका नराच्या गळ्यात उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधला. एप्रिल २०१० पर्यंत तो पट्टा बोलत होता. त्याच्या कळपात वीसएक लांडगे होते. उणे ५३ अंशांपर्यंत थंडी पडली, तरी काळोखातही ते चालतच राहिले. सुमारे नऊ महिन्यांत तो नर कमीत कमी ५,९७९ किलोमीटर हिंडला. त्यांचा मुलूख ६,६४० चौरस किलोमीटर भरला. एवढा मुलूख का लागतो? एका ठिकाणी पोटभर मिळत नाही म्हणून.

आणि जे मिळते तेही ऋतूवर अवलंबून. १९९७ साली उन्हाळा आखूड झाला, बर्फ लवकर पडला. मस्कऑक्सना आणि सशांना चरायला मिळेना, ते घटले. पाठोपाठ त्या भागातले लांडगेही घटले आणि काही वर्षे त्यांना पिल्ले झाली नाहीत. माणसाचा हात लागला तर काय होते तेही पाहा. शेजारच्या ग्रीनलंडच्या पूर्व भागात कातड्यांसाठी फासे लावणाऱ्या शिकाऱ्यांनी १९३० च्या दशकात लांडगे नाहीसे केले. पुढे चाळीसएक वर्षे तिथे लांडगा नव्हता. १९७९ च्या सुमारास उत्तरेकडून, गोठलेल्या मुलखातून चालत लांडगे पुन्हा तिथे आले. त्यांना कोणी आणून सोडले नव्हते.

सांगा पाहू : पट्टा बांधलेला तो लांडगा ९ जुलै ते १२ एप्रिल या काळात रोज सरासरी किती किलोमीटर चालला? आधी दिवस मोजा, महिने ३० चे आणि ३१ चे असतात हे विसरू नका. फेब्रुवारीही मध्ये येतो. उत्तर पाटीवर लिहून मला दाखवा.