दोरीवर आलेलं झाड

मेहकर, जि. बुलढाणा

चि. छकुली,


पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये एम.एस्सी. अर्थशास्त्राला तुझा नंबर लागल्याचं आक्कानं फोनवर सांगितलं. सांगताना तिचा गळा भरून आला होता. मी कृषी सहायक म्हणून नोकरी केली, अर्थमिती काही शिकलो नाही. पण ज्या आकड्यांवर तू आता गणितं मांडशील, ते ज्या वावरांत जन्माला येतात तिथं मी पंचवीसेक खरीप उभा राहिलोय. त्या हक्कानं लिहितो.

पीक कापणी प्रयोग तू लहानपणी पाहिलायस. गट नंबर चिठ्ठीनं नव्हे, यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून निघतो. मग वावराच्या नैऋत्य कोपऱ्यावर उभं राहून, तक्त्यात येतील तेवढी पावलं लांबीला अन् तेवढी रुंदीला टाकायची. तिथं खुंटी. सोयाबीन असेल तर दहा बाय पाच मीटरचा प्लॉट दोरीनं आखायचा, आतलं सोंगायचं, झोडपायचं, वजन करायचं. ऐकायला सोपं आहे. खरी परीक्षा दोरीवर असते. दोरीला टेकलेलं झाड आत धरायचं की बाहेर? भरल्या शेंगांचं झाड असलं की हात आपोआप त्याला आत ओढतो.

याच दोरीवरून या देशात मोठा वाद झालाय. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस बंगालात चार फूट त्रिज्येचे छोटे गोल प्लॉट घेत. आपले पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, म्हणाले की प्लॉट जितका लहान तितका कडेच्या झाडांचा वाटा मोठा, आणि कडेची झाडं आत ओढली गेली की उत्पन्न फुगतं. नमुना कितीही मोठा घेतला तरी ही चूक धुऊन निघत नाही, कारण ती एकाच बाजूला झुकलेली असते. तुमच्या पुस्तकात याला 'बायस' म्हणतील. मी त्याला हाताची ओढ म्हणतो.

आता एक गोष्ट, जी मी तुझ्या मामीलाही पुष्कळ उशिरा सांगितली. एका वर्षी आश्विनात धो धो पाऊस झाला. तक्त्यातला आकडा नेमका वावराच्या खोलगट भागात आला. तिथं गुडघाभर चिखल, शेंगांना कोंब फुटलेले. मी वीस पावलं वर सरकलो आणि बरं पीक होतं तिथं खुंटी ठोकली. वजन चांगलं भरलं. एका महसूल मंडळात असे प्रयोग मोजकेच होतात, त्यांच्या सरासरीवर पीकविम्याची भरपाई ठरते; सरासरी वर गेली की भरपाई घटते. त्या मंडळातल्या लोकांना त्या वर्षी काय मिळालं, काय नाही, यात माझ्या वीस पावलांचा वाटा किती होता, ते मी आजही मनात मोजतो. त्या वेळी धुऱ्यावर उभा असलेला शेतकरी काही बोलला नाही. नुसतं खाली पाहत राहिला.

म्हणून सांगतो, बाळा, संगणकावर फाइल उघडलीस की पहिला प्रश्न हा विचार: हा आकडा कुणी, कुठं उभं राहून, कोणत्या पावसात घेतला? राष्ट्रीय नमुना पाहणीचा कुटुंबनिहाय डेटा आता फुकट उतरवून घेता येतो. सोबत प्रश्नावली आणि क्षेत्रकर्मचाऱ्यांच्या सूचनांची पुस्तिका असते. आधी ती वाच, मग आर किंवा पायथन उघड.

बाजारभावाचंही तसंच. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, आणि आपल्या भागातल्या पोरांनी त्याच्या बऱ्याच खाली माल विकला. संकेतस्थळावर दिवसाचा कमीत कमी, जास्तीत जास्त अन् सर्वसाधारण भाव तेवढा दिसतो. पण खामगावच्या आवारात अडत्या मूठभर दाणे तळहातावर घेतो, दातानं फोडतो, ओल किती ते ठरवतो आणि मग भाव बोलतो. सरकारी खरेदीची ओलाव्याची अट १२ टक्क्यांची होती, ती त्या हंगामात १५ वर आणावी लागली. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी त्या भावाच्या रेषेवरून काहीही सिद्ध करून दाखवील.

गणिताला भिऊ नकोस. वऱ्हाडातून गेलेल्या पोरांना पहिलं सत्र जड जातंच. संभाव्यता आणि रेखीय बीजगणित रोज हातानं सोडव, दुसऱ्याचा कोड आयता उचलू नकोस.

आणि तू ज्या संस्थेत शिकणार आहेस तिचा मान ठेव. १९३० साली ती उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळांनी १९६६ पर्यंत चालवली. तेच गाडगीळ विखे पाटलांसोबत प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यासाठी शेतकऱ्यांत जाऊन बसत. तिथंच अर्थशास्त्रज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली दारिद्र्यावरचं काम पुरं केलं, दिवसाला २२५० उष्मांकांची कसोटी लावून. सुखात्म्यांनी तिलाही हरकत घेतली: माणसाची गरज रोज सारखी नसते, मग सरासरीच्या खालचा प्रत्येक जण उपाशी कसा? दोन्ही बाजूंचं मुळातून वाच. कुणाचं बरोबर ते मला विचारू नकोस, तूच ठरव आणि मला कळव.

प्रबंधाला विषय मात्र आपल्याकडचा घे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं जळगाव जामोद, संग्रामपूर आहे, खामगावचा कापूस आहे.

दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन सोंगणीला येईल. दोन दिवस काढून ये. माझी जुनी दोरी, खुंट्या अन् काटा अजून आहेत. आपल्याच वावरात एक प्लॉट टाकू. पावलं तू मोज, आणि दोरीवरच्या झाडांचा निवाडाही तूच कर.

तुझा,
मामा