घराखालची माती पाहून घ्या

बॉस्टनच्या आसपास भाड्याच्या घरात दोन-चार वर्षं काढली, की बहुतेक मराठी कुटुंबं शाळांच्या ओढीने ॲक्टन, वेस्टफर्ड, सडबरीकडे घर शोधू लागतात. स्वयंपाकघर, गराज, शाळेची बस सगळं बारकाईने पाहिलं जातं. माहितीपत्रकातल्या ‘सेप्टिक, चार बेडरूम’ या शब्दांवरून मात्र नजर नुसती फिरते. इथे मुरलेली मंडळी नव्यांना नेमकं तिथेच थांबवतात.

सडबरी आणि कार्लाइलमध्ये बहुतेक घरांना गावाची मलवाहिनी नाही. कार्लाइलमध्ये तर पिण्याचं पाणीही बहुधा ज्याच्या-त्याच्या अंगणातल्या बोअरचं. म्हणजे घरचं सांडपाणी ज्या जमिनीत मुरतं, तिच्याच पोटातून प्यायचं पाणी वर येतं.

सेप्टिक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टाकी येते. पण टाकी फक्त वेगळं करते: गाळ तळाशी, तेल-तुपाचा थर वर, आणि मधलं पाणी सच्छिद्र नळ्यांतून लीच फील्डमध्ये, म्हणजे या नळ्या पुरलेल्या जमिनीत. खरी शुद्धी तिथून पुढे, नळ्यांखालच्या कोरड्या मातीत होते. तिथे हवा खेळती असते, जिवाणू घाण पचवतात, रोगजंतू मातीच्या कणांत अडकतात. ती माती पाण्याने भरली की हे काम थांबतं आणि मैलापाणी जवळपास जसंच्या तसं भूजलात उतरतं. म्हणून मॅसॅच्युसेट्सचा ‘टायटल फाइव्ह’ हा नियम आधी जमीन तपासायला सांगतो.

मोकळा प्लॉट घेऊन बांधणाऱ्यांनी ही तपासणी स्वतः उभं राहून पाहावी. यंत्राने माणसाच्या उंचीहून खोल खड्डे खणतात. परवानाधारक सॉइल इव्हॅल्युएटर खड्ड्याची भिंत खरवडतो, चिमूटभर माती ओली करून बोटांत चोळतो, ती रेताड की चिकण ते ठरवतो. गावच्या बोर्ड ऑफ हेल्थचा माणूस साक्षीला असतो. मग इव्हॅल्युएटर शोधतो ते गंजासारखे नारिंगी ठिपके आणि त्यांच्या मधले राखाडी चट्टे. पाणी चढलं की मातीतली हवा संपते आणि लोह विरघळून सरकतं. पाणी उतरलं की तेच लोह पुन्हा गंजतं. त्यामुळे ऑगस्टमध्ये खड्डा ठणठणीत कोरडा असला, तरी बर्फ वितळल्यावर पाणी कुठवर चढतं याची खूण त्या भिंतीवर राहिलेली असते. हा पुरावा कुठल्याही दलालाच्या शब्दापेक्षा मोलाचा आहे.

त्यानंतर पर्क टेस्ट. छोट्या खड्ड्यात १२ इंच पाणी भरून माती १५ मिनिटं भिजवतात आणि मग पातळी ९ इंचांवरून ६ इंचांवर यायला किती वेळ लागतो ते मोजतात. एक इंच उतरायला ६० मिनिटांहून जास्त लागली, तर तिथे नव्या बांधकामासाठी लीच फील्ड करता येत नाही. झटपट मुरणारी माती उत्तम, असं वाटणं साहजिक आहे, पण तसं नाही. लीच फील्डचा तळ आणि भूजलाची सर्वोच्च पातळी यांत एरवी ४ फूट अंतर लागतं. इंचाला २ मिनिटं किंवा त्याहून कमी लागत असतील, तर ५ फूट. फार वेगाने पाणी गेलं, तर मातीला काम करायला वेळच मिळत नाही. शेजाऱ्याचं सेप्टिक छान चाललंय, एवढ्यावर विसंबू नये. इथली जमीन हिमनद्यांनी घडवली आहे. एका प्लॉटवर निव्वळ रेती, तर पलीकडे दगडासारखा घट्ट थर निघू शकतो.

बोअर असेल तर फीत घेऊन मोजायचं: लीच फील्डपासून १०० फूट, टाकीपासून ५० फूट. शेजाऱ्याचं लीच फील्ड आपल्या बोअरपासून किती दूर आहे, तेही पाहायचं.

सगळ्यात जास्त फसगत बेडरूमच्या आकड्यात होते. नियम माणसं मोजत नाही. दर बेडरूममागे दिवसाला ११० गॅलन धरून सेप्टिकची क्षमता ठरवतो. आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी येणार, म्हणून तळघरात एक खोली काढायचा बेत अनेक घरांत असतो. तीन बेडरूमच्या सेप्टिकवर चौथी खोली चढवायची, तर क्षमता वाढवावी लागते, आणि त्यासाठी अंगणात योग्य माती शिल्लक असावी लागते. हा हिशेब घर घेण्याआधीच करावा. बोर्ड ऑफ हेल्थकडे मूळ आराखडा पाहायला मिळतो.

केप कॉडला घर पाहणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. तिथल्या रेताड जमिनीखालच्या भूजलावरच लोकांचं पिण्याचं पाणी अवलंबून आहे आणि साधं सेप्टिक नायट्रोजन फारसा अडवत नाही. तो खाड्यांत उतरून शेवाळ माजवतो. राज्याने २०२३ मध्ये तिथले नियम कडक केले, ते याचसाठी. नायट्रोजन-संवेदनशील ठरवलेल्या भागात साध्या सेप्टिकला एकरी ४४० गॅलनची, म्हणजे चार बेडरूमची मर्यादा आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजन लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत हवा. तान्ह्या बाळांना त्याहून जास्त धोक्याचा. खासगी बोअरचं पाणी राज्य तपासून देत नाही, ते घरमालकानेच प्रयोगशाळेत पाठवायचं. बाळ येणार असेल तर आधीच.

जुनं घर विकताना आधीच्या दोन वर्षांत झालेली सेप्टिक तपासणी लागते. अहवालात ‘पास’ लिहिलंय एवढ्यावर समाधान मानू नये. आजची यंत्रणा चालते एवढंच त्यातून कळतं. ती बिघडली तर नवी बसवायला जागा आहे का, हे आराखड्यातूनच कळतं. नापास झालेल्या यंत्रणेची दुरुस्ती मालकाने स्वतःच्या मुख्य घरासाठी केली, तर राज्याच्या आयकरात सवलत मिळते.

राहायला गेल्यावर फोडणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नये, गार्बेज डिस्पोजल टाळावं, टाकी साधारण तीन वर्षांनी उपसून घ्यावी. गणपतीला पन्नास पाहुणे येणार असतील, तर लीच फील्डच्या हिरवळीवर गाड्या लागू नयेत म्हणून आदल्या दिवशीच दोरी बांधून ठेवावी. चाकांच्या भाराने माती दबते, नळ्या फुटतात.