हॉटेलची मिसळ व आजीची शेंगोळी घरी कशी करावी?



आपल्याला आवडणारे पदार्थ दोन प्रकारचे असतात. काही आपण हॉटेलात खातो. काही घरचेच असतात, पण ते एकाच माणसाला चांगले जमतात. हे पदार्थ आपल्या घरी करू म्हटले की मोठी माणसे म्हणतात, "तशी चव यायची नाही. ती हाताची चव असते."

आमच्या घरी आम्ही दोन्ही प्रकार करून पाहिले. त्यावरून मला असे कळले की चव तीन गोष्टींत असते. पहिली माप, दुसरी क्रम व तिसरी वेळ. या तिन्ही गोष्टी वहीत लिहिता येतात. आमच्या घरी चुलीजवळचे काम आईने केले. पाहणे, मोजणे, लिहिणे व शेंगोळी वळणे ही कामे माझी होती.

१) हॉटेलची मिसळ

तालुक्याच्या बाजाराला गेलो की बाबा मला एस.टी. स्टँडजवळच्या हॉटेलात मिसळ देतात. पण आजीला एस.टी.त चढता येत नाही. म्हणून मिसळच घरी आणायची असे आम्ही ठरवले.

आई पूर्वी मटकी, मसाला व पाणी सगळे एकाच पातेल्यात शिजवायची. ती उसळ छान लागायची, पण मिसळ वाटायची नाही. म्हणून पुढच्या बाजाराला मी हॉटेलात नीट पाहिले. मला दिसले ते असे :

(अ) मटकीची उसळ व लाल कट यांची पातेली वेगळी होती.
(आ) उसळ घट्ट होती व तिला तिखट फार नव्हते.
(इ) बशीत आधी उसळ, तिच्यावर फरसाण, त्यावर कट, व सगळ्यांत वर कांदा, कोथिंबीर आणि लिंबू.
(ई) फरसाण आधी घालून ठेवत नव्हते. गिऱ्हाईक बसल्यावरच घालत होते, म्हणून ते कुरकुरीत राहत होते.

मी मालकांना विचारले, "काका, मसाल्यात काय काय घालता?" ते हसले आणि म्हणाले, "ते सांगत नसतात बाळा. पण खोबरं चांगलं तांबूस भाजायला सांग आईला." तेवढे मी घरी येईपर्यंत लक्षात ठेवले.

साहित्य (५ माणसांसाठी) : मटकी दीड वाटी, कांदे ४, टोमॅटो १, किसलेले सुके खोबरे अर्धी वाटी, लसूण १२ पाकळ्या, आल्याचा लहान तुकडा, धने २ चमचे, जिरे १ चमचा, कांदा-लसूण मसाला ३ चमचे, हळद, मीठ, तेल अर्धी वाटी, फरसाण पाव किलो, पाव, कोथिंबीर, लिंबू.

कृती : मटकी शनिवारी सकाळी भिजत घालावी. रात्री पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवावी. रविवारी मोड येतात. थंडीत मोड उशिरा येतात, म्हणून एक दिवस आधी भिजवावी. मोडाची मटकी थोडे तेल, हळद व मीठ घालून शिजवावी. दाणा बोटाने दाबला तर मऊ लागावा, पण त्याचा लगदा होऊ नये.

कटासाठी धने, जिरे व खोबरे कोरडे भाजावे. खोबरे तांबूस व्हावे, काळे होऊ नये. दोन कांदे उभे चिरून थोड्या तेलात भाजावे व टोमॅटोही त्यातच परतावा. हे सगळे आले-लसणाबरोबर बारीक वाटावे. उरलेल्या तेलात वाटण घालून बाजूने तेल सुटेपर्यंत परतावे. मग आच मंद करून कांदा-लसूण मसाला घालावा व लगेच ६ वाट्या गरम पाणी ओतावे. मीठ घालून १५ मिनिटे उकळू द्यावे. वरून घालायला राहिलेले दोन कांदे बारीक चिरावे.

आजीने पहिला घास खाल्ला व म्हणाली, "एवढ्यासाठी लोक एस.टी.नं जात्यात व्हय?" पण तिने पुन्हा बशी पुढे केली.

२) कट लाल का दिसतो?

हे आमच्या गुरुजींनी वर्गात दाखवले. त्यांनी दोन वाट्या घेतल्या. एकीत पाणी व दुसरीत कोमट तेल होते. दोन्हींत चिमूटभर लाल तिखट टाकले. पाण्यात तिखट तसेच तरंगत व खाली बसत राहिले. तेल मात्र हळूहळू लाल झाले.

मिरचीचा लाल रंग व तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात नीट विरघळत नाही. तेल पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून ते लाल होऊन वर येते. त्यालाच आपण तवंग म्हणतो. मसाला पाण्यात टाकला तर तवंग लाल होत नाही, म्हणून तो आधी तेलात घालायचा. पण तेल फार तापलेले असेल तर तिखट जळते व कडू लागते. क्रम व वेळ का महत्त्वाची, ते यावरून कळते.

मिसळ तिखट लागली की आपण पाणी पितो, तरी तोंड भाजतच राहते. त्याचे कारणही हेच. दूध किंवा दही घेतले की लवकर बरे वाटते.

३) मिसळीतले पाहुणे

मटकी आपल्या देशातली फार जुनी आहे. पण मिरची व टोमॅटो मूळचे अमेरिका खंडातले. मिरची आपल्याकडे पोर्तुगीज लोकांनी आणली. त्यांनी १५१० साली गोवा घेतला होता. त्याआधी आपल्याकडे तिखटासाठी मिरी वापरत. 'पाव' हा शब्दही पोर्तुगीज भाषेतूनच आला आहे. कोल्हापूरला कट म्हणतात, पुण्याला सॅम्पल म्हणतात व नागपूरकडे तर्री म्हणतात.

४) खर्चाचा हिशेब

हॉटेलात : एक बशी ६० रुपये. ५ बशा × ६० = ३०० रुपये. एस.टी.चे भाडे वेगळे.

घरी : मटकी ३० + फरसाण ५५ + पाव ४० + तेल १५ + खोबरे १५ + कांदे, टोमॅटो, लिंबू, कोथिंबीर २५ = १८० रुपये.

मसाला उन्हाळ्यात घरी केलेला होता व सरपण शेतातले, म्हणून ते धरले नाही. ३०० वजा १८० म्हणजे १२० रुपये वाचले. शिवाय सर्वांनी पोटभर खाल्ले.

५) आजीची शेंगोळी

शेंगोळी हुलग्याच्या पिठाची करतात. हुलग्याला कोकणात कुळीथ म्हणतात. हे पीक कमी पावसातही येते. पूर्वी बैलांनाही कामाच्या दिवसांत हुलगे भरडून खायला देत. पावसाळ्यात व थंडीत गरम शेंगोळी व भाकरी फार चांगली लागते.

आमच्या घरी शेंगोळी आजीच करायची. ती कधी वाटी किंवा चमचा घेत नसे. पीठ मुठीने व मीठ चिमटीने घ्यायची. गेल्या वर्षी आजीचा उजवा हात लकव्याने गेला. आता तो हात उचलत नाही, आणि आमच्या घरचे माप तर त्याच हाताच्या मुठीत होते.

आईने विचारले, "आत्याबाई, पीठ किती घेऊ?" आजी म्हणाली, "अंदाजानं घे की." मग तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले आणि गप्प बसली.

मूठ सगळ्यांची सारखी नसते. आम्ही वर्गात ज्वारी मोजून पाहिली. एक वाटी भरायला मला ५ मुठी लागल्या व गुरुजींना ३ मुठी लागल्या. मग आईच्या मुठीने आजीची शेंगोळी कशी होणार? म्हणून आम्ही उलटे केले. मापे आम्ही वाटी-चमच्याने घेतली व चव आजीने सांगितली. तिची जीभ तर चांगली आहे. तीन रविवार शेंगोळी केली व प्रत्येक वेळी मी वहीत लिहिले.

पहिला रविवार : लसूण ६ पाकळ्या, तिखट १ चमचा. आजी म्हणाली, "लसूण कुठं गेला? झोपला का काय?"

दुसरा रविवार : लसूण १५ पाकळ्या, तिखट २ चमचे. आजी म्हणाली, "आता बरं हाय. पण रस्सा पाण्यावाणी झाला. थोडं पीठ पाण्यात कालवून ओत."

तिसरा रविवार : लसूण तेवढाच. २ चमचे पीठ कालवून रश्श्यात घातले. आजी काहीच बोलली नाही. तिने डाव्या हाताने आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. तेवढ्यात बाबा शेतावरून आले व जेवायला बसले. पहिला घास घेऊन त्यांनी विचारले, "आईनं सांगून करून घेतली वाटतं?" आजी म्हणाली, "मी काय बी नाही केलं. पोरानं वहीत लिवलंय."

ते तिसऱ्या रविवारचे माप पुढे देत आहे.

साहित्य (५ माणसांसाठी) : हुलग्याचे पीठ २ वाट्या, ज्वारीचे पीठ अर्धी वाटी, लसूण १५ पाकळ्या, जिरे १ चमचा, लाल तिखट २ चमचे, हळद अर्धा चमचा, मीठ दीड चमचा, तेल ४ चमचे, मोहरी, हिंग, कोथिंबीर, पाणी ७ वाट्या.

कृती : १० पाकळ्या लसूण, जिरे व मीठ एकत्र कुटावे. दोन्ही पिठे एकत्र करून २ चमचे पीठ बाजूला काढून ठेवावे. बाकीच्या पिठात कुटलेले वाटण, हळद व निम्मे तिखट घालून घट्ट मळावे. पाणी थोडे थोडेच घालावे. हाताला तेल लावून लहान गोळी घ्यावी, तिची करंगळीपेक्षा बारीक लांब वळी करावी व दोन टोके जोडून कडे करावे.

पातेल्यात तेल तापवून मोहरी, हिंग व राहिलेल्या ५ पाकळ्या ठेचून घालाव्या. लसूण लाल झाला की राहिलेले तिखट टाकून लगेच पाणी ओतावे. पाण्याला खळखळून उकळी आली की एक एक शेंगोळे सोडावे. सगळी एकदम टाकली किंवा पाणी गार असले तर ती चिकटतात व विरघळतात. २० मिनिटे शिजू द्यावे. एक शेंगोळे चमच्याने कापून पाहावे. आत कोरडे पीठ दिसले नाही म्हणजे शिजले. मग बाजूला ठेवलेले पीठ पाण्यात कालवून घालावे व ५ मिनिटे उकळावे. रश्श्याचे मीठ चाखून पाहावे. वर कोथिंबीर घालावी.

६) घरच्या मोठ्या माणसांना कसे विचारावे?

(१) "कसे करतेस?" असे नुसते विचारू नये. करताना जवळ बसावे.
(२) त्या मूठभर घेतील ते पातेल्यात टाकण्याआधी वाटीत टाकून मोजावे व मग लिहावे.
(३) "लाल होईपर्यंत", "वास सुटेपर्यंत" असे शब्द जसेच्या तसे लिहावेत. त्यातच वेळ असते.
(४) एका वेळी एक किंवा दोनच गोष्टी बदलाव्यात. सगळ्याच बदलल्या तर चव कशाने बदलली ते कळत नाही.
(५) चूल, गॅस व गरम तेल यांचे काम मोठ्या माणसांनीच करावे.
(६) हे काम मुलींनीच करावे असे नाही. मी मुलगा आहे व आता माझी शेंगोळी सारखी जाडीची होतात.

७) एक विनंती

माझ्या आजीला चव सांगता आली म्हणून आमची शेंगोळी राहिली. तुमच्या घरी कोणाच्या हातचे धपाटे, कोणाच्या हातचा ठेचा किंवा मासवडी असेल. ज्यांच्या हातची असेल त्यांना याच आठवड्यात विचारा. पुढच्या वर्षावर ठेवू नका. गुरुजींनी वर्गात एक वही ठेवली आहे. तिच्यात एका पानावर एक पदार्थ, माप व सांगणाऱ्याचे नाव लिहायचे आहे. पालकांनाही त्यात लिहिता येईल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, आम्ही चौथीची मुले लिहून घेऊ.

सांगा पाहू :

१) मिसळीत फरसाण शेवटी का घालतात?
२) तिखट लागल्यावर पाण्यापेक्षा दही का बरे?
३) ५ माणसांना हुलग्याचे पीठ २ वाट्या लागते, तर १० माणसांना किती वाट्या लागेल?
४) तुमच्या घरी 'अंदाजाने' होणारा पदार्थ कोणता? त्याचे माप कोणाच्या मुठीत आहे?

– इयत्ता चौथीचा विद्यार्थी