पत्रा कापण्याआधी हॉपरची जाळी तपासा

धान्य, बियाणे, खत, प्लास्टिकचे दाणे अशा मालासाठी हॉपर बनविणारे आपले अनेक कारागीर बंधू अजूनही अंदाजाने पत्रा कापतात. उतार कमी पडला किंवा तोंड लहान झाले की दाणे एकमेकांना टेकून कमान धरतात व माल अडतो. मग पत्रा पुन्हा कापावा लागतो आणि तो खर्च कारागिराच्याच नफ्यातून जातो. छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबाद) वाळूज-चिकलठाणा वसाहतींत लहान वर्कशॉप चालविणाऱ्यांना हे नुकसान परवडणारे नाही. शेजारच्या जालन्यात तर बियाणे हाच मोठा उद्योग आहे. म्हणून आज आम्ही संगणकावर हॉपर तपासण्याची रीत सांगत आहोत.

१९७९ साली कुंडॉल व स्ट्रॅक या संशोधकांनी दाणेदार मालाचा हिशेब करण्याची पद्धत मांडली. तीत प्रत्येक दाणा वेगळा धरून त्याची टक्कर व घर्षण मोजले जाते. दाण्यांना जाळी लागत नाही. ती लागते हॉपरच्या भिंतीला. भिंतीचा पृष्ठभाग लहान लहान त्रिकोणांत विभागतात. फ्रीकॅडवर आकृती काढून जीमेशवर ही जाळी तयार करता येते. या दोन्ही प्रणाली मोफत आहेत.

जाळी करताना चार गोष्टी पाहाव्यात.

१) गोलाई : ६०० मिलिमीटर व्यासाच्या गोल पिंपाचे १२ तुकडे केले, तर सरळ बाजू खऱ्या भिंतीपासून १० मिलिमीटर आत येते, म्हणजे मक्याच्या दाण्याहूनही जास्त! ४८ तुकडे केल्यास हा फरक पाऊण मिलिमीटरच्या आत राहतो. सपाट पत्र्याला मात्र मोठे त्रिकोण पुरतात. विनाकारण बारीक जाळी केल्यास हिशेबाला वेळ लागतो.

२) त्रिकोणांचा आकार : सुईसारखे लांबट त्रिकोण टाळावेत. त्यांच्यामुळे टकरीचा हिशेब बिघडतो.

३) फटी : दोन त्रिकोणांच्या कडा जुळल्या नाहीत तर दाणे भिंतीतून बाहेर पडतात.

४) मापे : एसटीएल फाइलमध्ये एकक लिहिलेले नसते. मिलिमीटरचा आकडा मीटर समजला गेला, तर हॉपर हजारपट मोठा होतो.

यानंतर घर्षणाचा आकडा लागतो. तो पुस्तकातून उचलू नये. दोन्ही तोंडे उघडी असलेला नळीचा तुकडा सपाट फळीवर उभा ठेवून त्यात तोच माल भरावा, नळी सावकाश वर उचलावी व ढिगाचा उतार मोजावा. संगणकातील ढिगाचा उतार त्याच्याशी जुळेपर्यंत आकडा बदलावा.

शेवटी हाताने पडताळा घ्यावा. १९६१ साली बेव्हर्लू यांनी दिलेल्या नियमानुसार मोकळ्या वाहणाऱ्या दाण्यांसाठी, तोंडाच्या व्यासातून दाण्याच्या व्यासाची सुमारे १.४ पट वजा करावी. प्रवाह त्या उत्तराच्या अडीचाव्या घातानुसार वाढतो. दाणा ८ मिलिमीटरचा असता तोंड ६० वरून ८० मिलिमीटर केले, तर प्रवाह सुमारे २.४ पट होतो. संगणकाचे उत्तर याहून फारच वेगळे आले, तर पत्र्याला हात लावण्यापूर्वी जाळी आणि मापे पुन्हा पाहावीत.

नवशिक्यांनी एक छोटा, आधीच चालू असलेला हॉपर घेऊन सुरुवात करावी. तो प्रत्यक्षात एका मिनिटात किती किलो माल सोडतो हे तोलून संगणकाच्या आकड्याशी ताडून पाहावे. हे जमले की नव्या ऑर्डरचा पत्रा निर्धास्तपणे कापता येईल.