खेळवा, नाहीतर बसवा

(रिजायनातलं घर. टीव्हीवर कॅनेडियन फुटबॉलच्या 2013च्या ग्रे कपच्या अंतिम सामन्याचं जुनं रेकॉर्डिंग. मावशीला इथल्या संघाचा, सस्कॅचवन रफरायडर्सचा, एकेक मोसम तोंडपाठ. भाचा ओंकार पुण्याहून इथं शिकायला आलेला.)

ओंकार: मावशी, हा जेरॉय सायमन तेव्हा अडतीस वर्षांचा होता म्हणतेस. आणि अंतिम सामन्यात दोन टचडाउन! पास झेलणारा असला रिसीव्हर बीसी लायन्सनी सोडलाच कसा?

मावशी: जानेवारी 2013मध्ये अदलाबदलीत आमच्याकडे धाडला. बारा मोसम तिथं काढले होते त्यानं. रिसीव्हर म्हणून सगळ्यात जास्त यार्डांचा मिल्ट स्टीगलचा विक्रम 2012मध्ये मोडला, आणि पुढच्या जानेवारीत निरोप. तुला राग येईल, पण मला लायन्सचा निर्णय फारसा चुकलेला वाटत नाही.

ओंकार: समोर 45-23 दिसतंय. हॅमिल्टनची पार धुलाई!

मावशी: अरे, तू एक सामना बघतोयस. कोचला साखळीतल्या अठरा सामन्यांचा हिशेब लावावा लागतो, जूनपासून. आमच्याकडेही मोसमाच्या सुरुवातीला सायमन दुखापतीमुळे बाहेरच होता.

ओंकार: मग राखीव ठेवायचा. कुणी दमलं की दहा मिनिटं आत पाठवायचा.

मावशी: तिथंच तर गोम आहे. इथला राखीव रिसीव्हर बाकावर बसून राहत नाही. तो किक आणि पंटच्या मागं जीव तोडून पळतो, समोरच्याला आडवा करतो. आणि कॅनडात पंट खूप होतात. अमेरिकेत दहा यार्ड काढायला चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न, मिळतात, इथं तीनच. दोन फसले की तिसऱ्यावर बहुतेक वेळा चेंडू लाथाडून द्यायचा. शिवाय पंट झेलणाऱ्याला हात वर करून ‘मला धरू नका’ म्हणायची सोय इथं नाही. पाच यार्डांची मोकळीक देतात, मग सगळे तुटून पडतात. हे काम बाविशीतल्या पोरांचं. अडतिशीतल्या माणसाला त्यात ढकललंस तर दुसऱ्या आठवड्यात इस्पितळ. आणि नाही ढकललंस, तर राखीव म्हणून जर्सी चढवून त्याचा उपयोग काय?

ओंकार: म्हणजे एक तर पहिल्या बारात घ्या...

मावशी: नाहीतर साध्या कपड्यांत कडेला उभं करा. मधला रस्ता जवळजवळ नाहीच. त्यात सायमन पडला अमेरिकन, पेनसिल्व्हेनियाचा.

ओंकार: त्यानं काय बिघडलं?

मावशी: आयपीएलमध्ये अकरात चारच परदेशी, तसला प्रकार. इथं आक्रमणाचे बारा आणि बचावाचे बारा मिळून सुरुवातीचे चोवीस. त्यात तेव्हा निदान सात कॅनेडियन लागायचे. राखीव अमेरिकनला आत धाडायचा, तर दुसऱ्या अमेरिकनला बाहेर यावं लागतं. आता आमचा त्या वर्षीचा संघ बघ. वेस्टन ड्रेसलर, ताज स्मिथ अमेरिकन. ख्रिस गेट्झलाफ आणि रॉब बॅग कॅनेडियन. सायमनला सुरुवातीला घ्यायचं म्हणजे अमेरिकनांची एक जागा खर्ची पडली. ती कुठून काढायची? बचावातून? मग तिथं कुणी कॅनेडियन तेवढ्या तोडीचा आहे का? वर्तमानपत्रवाले लिहितात ‘म्हाताऱ्याचे पाय चालतात का’, आणि कोच दुसरीकडंच, कोपऱ्यात उभ्या असलेल्या बचावपटूच्या पासपोर्टकडं बघत असतो.

ओंकार: हे भलतंच. पण पाय चालतात का, हा प्रश्न काही अगदीच खोटा नाही ना?

मावशी: खोटा नाही, पण इथं त्याचं उत्तर वेगळं येतं. थांब, मागं घे जरा. हं, आता बघ. चेंडू सुटायच्या आधीच रिसीव्हर पळतोय, दिसतंय?

ओंकार: हो. हा फाउल नाही?

मावशी: अमेरिकेत झाला असता. इथं याला वॅगल म्हणतात. मागून पळत यायचं आणि चेंडू सुटायच्या क्षणाला रेषेवर पोचायचं. अर्धं पाऊल आधी पोचलास तर दंड, उशीर झाला तर वेग वाया. उभ्या जागेवरून झटक्यात निघायची ताकद वयानं पहिली जाते. पण इथं ती लागतेच कमी. लागतो तो पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या आवाजाचा अंदाज, आणि तो म्हाताऱ्यालाच जास्त असतो.

ओंकार: मग म्हातारा कुठंही चालेल?

मावशी: छे! मैदान 65 यार्ड रुंद. चेंडू एका बाजूच्या खुणेवर ठेवला की दुसऱ्या कडेपर्यंत तेव्हा 41 यार्ड उरायचे. 2022मध्ये खुणा आत सरकवल्या, तरी 37 आहेतच. त्या मोकळ्या बाजूला लांब पळायला तरणे पाय हवेत. म्हाताऱ्याला अरुंद बाजूला, आतल्या जागेवर लाव. दुसरा डाउन, सात यार्ड हवेत, बचावपटू अंगाला चिकटलेला. तिथं नऊ यार्डांवर वळून चेंडू छातीशी घेणारा माणूस लागतो. तीन डाउनच्या खेळात असे सात यार्ड निसटले की पंटच मारायचा. म्हणून मी रिसीव्हरचे एकूण यार्ड बघतच नाही. दुसऱ्या डाउनला त्याच्याकडं किती पास गेले आणि त्यातले किती त्यानं धरले, तेवढं बघते.

ओंकार: तू कोच असतीस तर सायमनला अठराही सामने सुरुवातीपासून खेळवला असतास?

मावशी: नाव काढू नकोस. जुलैच्या उन्हात कशाला झिजवायचा? ऑक्टोबर लागला, प्रेअरीचा वारा सुटला, लांबचे पास भरकटायला लागले, की मग काढायचा बाहेर. मात्र त्यासाठी आधीचे तीन महिने दुसरा कुणी तयार ठेवावा लागतो. आमच्याकडे ड्रेसलर-गेट्झलाफ होते, म्हणून आम्हाला सायमन परवडला. एरवी ही चैनच.

ओंकार: आणि आज असता तर?

मावशी: आज गणितच बदललंय. 2022च्या खेळाडूंच्या करारानं सुरुवातीच्या चोवीसात सातांचे आठ केले, पण त्या आठव्या जागेवर इथं बरेच मोसम काढलेला अमेरिकन चालतो. सायमन तिथं आरामात बसला असता आणि बचावातली अमेरिकनांची जागा शाबूत राहिली असती. तेव्हा हा नियम असता, तर लायन्सनीही त्याला धाडण्याआधी दोनदा विचार केला असता, असं मला वाटतं.

ओंकार: पण पंटच्या मागं कोण पळणार? तो तर नाहीच.

मावशी: मग काय, राखीवांतला कुणीतरी कॅनेडियन पोरगा पळवायचा. म्हातारा खेळवायचा तर असली दोन पोरं संघात हवीतच. ती नसतील, तर मीही त्याला बसवला असता.