वार्धक्यातील निवास व शुश्रूषा : वैद्याने द्यावयाचा सल्ला

'वडिलांना आता कोठे ठेवावे?' हा प्रश्न आपल्या चिकित्सालयात अलीकडे वारंवार विचारला जातो. मुले पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशी. आईवडील सांगली, सातारा, रत्नागिरीकडे मूळ घरी, असे चित्र सर्वत्र आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. कुटुंबाचा वैद्य हा विश्वासाचा मनुष्य असल्याने निवासाचा निर्णय घेतानाही त्याचे मत विचारले जाते. ते मत शास्त्राधारे कसे द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शास्त्रीय आधार

चरकाचार्यांनी विमानस्थानात साठ वर्षांनंतरच्या वयास जीर्ण म्हटले असून त्यात वाताचे प्राधान्य व धातुगुणांचा ऱ्हास सांगितला आहे. सुश्रुताचार्यांनी जरेची गणना स्वभावबलप्रवृत्त व्याधींत केली आहे. कालकृत जरा टळत नाही, तिचे यापन करावयाचे असते. यापनात औषधाइतकेच महत्त्व शुश्रूषेस आहे. चिकित्सेच्या चार पादांत वैद्य, द्रव्य व रोगी यांच्याबरोबरीने उपस्थात्यास, म्हणजे परिचारकास, स्थान दिले आहे. त्याचे गुण चार : उपचारज्ञता, दाक्ष्य, रोग्याविषयी अनुराग आणि शौच.

निवासाच्या प्रश्नाचे मूळ येथेच आहे. कुटुंबीय 'घर की वृद्धाश्रम' असा प्रश्न मांडतात. वैद्याने मात्र तो 'या व्यक्तीस कोणत्या कामी हात लागतो, आणि तो हात कोठे मिळेल?' असा करून घ्यावा. स्थान हे उपस्थाता मिळवून देण्याचे साधन होय.

परीक्षण : वय व निदान यांपेक्षा क्षमता पाहावी

सत्तर वर्षांचा पक्षाघाताचा रुग्ण परावलंबी असू शकतो आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांची संधिवाताची आजी स्वतःचा स्वयंपाक करीत असू शकते. म्हणून केवळ वय किंवा रोगाचे नाव यांवरून सल्ला देऊ नये. अमेरिकेतील डॉ. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेली सहा कार्यांची पद्धत यासाठी सोपी व उपयुक्त आहे. स्नान, वस्त्रे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्राचे नियंत्रण आणि हाताने जेवणे यांपैकी प्रत्येक कार्य रुग्ण स्वतः करतो की मदतीने, हे केसपेपरवर लिहावे. जोडीला व्यवहाराची कामे विचारावीत : औषधे वेळेवर घेणे, पैशांचा हिशेब, दूरध्वनी, बाजारहाट, एकट्याने प्रवास. व्यवहाराची कामे बहुधा आधी सुटतात, देहाची नंतर.

हे परीक्षण घाईच्या वेळी करू नये. रुग्णालयातून घरी आल्यावरच्या पहिल्या आठवड्यात कुटुंब थकलेले असते व रुग्ण दुर्बल असतो. त्या अवस्थेत झालेला कायमचा निर्णय पुष्कळदा चुकतो. तसेच 'कालपर्यंत ठीक होते, दोन दिवसांपासून भलतेच बोलतात' असा इतिहास असल्यास तो वार्धक्याचा भाग समजू नये. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियमची घट, रक्तातील साखर कमी होणे, मलावरोध, नवीन सुरू झालेले औषध, डोक्यास झालेला आघात ही कारणे शोधावीत व रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. उपचाराने पुष्कळदा बरी होणारी ही अवस्था 'म्हातारचळ' ठरून एखादी व्यक्ती कायमची संस्थेत जाणे ही मोठी हानी आहे.

उपलब्ध पर्याय

१) स्वगृही शुश्रूषा : सहाही कार्ये स्वतः होत असतील व फक्त व्यवहारात मदत लागत असेल, तर स्वतःचे घर बहुधा उत्तम. न्हाणीघरात पकडण्यास दांडी, उंबरे काढणे, रात्री दिवा, कमोडची सोय एवढ्यानेही पुष्कळ साधते. एक-दोन कार्यांत मदत लागल्यास दिवसाची मदतनीस किंवा ब्युरोमार्फत परिचारिका ठेवता येते. दिवसभर एकटे राहणाऱ्यांस विरंगुळा केंद्र अथवा ज्येष्ठ नागरिक संघ यांचा आधार होतो.

२) ज्येष्ठांच्या वसाहती : पुण्यातील 'अथश्री'सारख्या संकुलांमुळे हा पर्याय महाराष्ट्रात परिचित झाला. उद्वाहन, भोजनगृह, समवयस्कांचा सहवास या सोयी येथे असतात. या वसाहती मुख्यतः स्वावलंबी ज्येष्ठांसाठी आहेत. तेथे अंथरुणास खिळलेल्याची सेवा होईलच असे गृहीत धरू नये.

३) वृद्धाश्रम : काही सशुल्क, काही धर्मादाय. पुण्यातील 'निवारा'सारख्या संस्थेची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. चालते-फिरते असणे ही प्रवेशाची अट पुष्कळ ठिकाणी असते. पुढे परावलंबित्व आल्यास संस्था सांभाळते की परत नेण्यास सांगते, हे आधीच विचारावे.

४) शुश्रूषा केंद्र : तीन-चार कार्यांत मदत लागणारे, शय्याग्रस्त किंवा स्मृतिभ्रंशाचे रुग्ण यांसाठी. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे, किंवा घरच्या सेवेकऱ्यास विसावा म्हणून अल्पकाळही येथे ठेवता येते.

५) उपशामक सेवा : असाध्य अवस्थेत वेदनाशमन व सांत्वन हेच ध्येय असते. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झालेले 'शांती आवेदना सदन' हे कर्करोगाच्या अंतिम अवस्थेतील रुग्णांसाठीचे भारतातील पहिले केंद्र होय.

संस्था पाहताना

सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात आतुरगृहाचे वर्णन आहे. ते दृढ असावे, झोत न लागता हवा खेळती असावी, आत सुखाने फिरता यावे, धूर-धुळीचा उपद्रव नसावा, स्नानगृह, शौचकूप व स्वयंपाकघर असावे. सेवक उठवण्या-बसवण्यात व अंग चेपण्यात कुशल असावेत, असा त्याचा आशय. आजही हीच सूची हाती घेऊन संस्था पाहता येते. तिच्यात चार प्रश्न वाढवावेत : रात्री किती सेवक जागे असतात? प्रकृती बिघडल्यास कोण, कोणत्या रुग्णालयात नेतो? पथ्याचे, मऊ व उष्ण अन्न मिळते काय? अनामत रकमेच्या परतीच्या अटी लेखी आहेत काय? भेट शक्यतो भोजनाच्या वेळी द्यावी. परावलंबी व्यक्तीस घास कसा भरवतात, यावरून अनुराग व शौच दोन्ही कळतात.

आणि ज्यांना तेथे राहावयाचे आहे त्यांना सोबत नेऊन त्यांचे मत प्रथम विचारावे. त्यांच्या माघारी ठरलेला निवास कितीही सोयीचा असला तरी अन्नद्वेष व निद्रानाश घेऊन येतो.

कायद्याची माहिती

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाविषयीचा कायदा २००७ चा आहे. स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह न होणाऱ्या पालकांस मुलांकडून निर्वाहखर्च मिळवण्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली व ती अट पाळली नाही, तर हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. म्हणून बक्षीसपत्र करणाऱ्यांनी ही अट लेखी घालून घ्यावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांचा, उत्पन्नाची अट न लावता, समावेश झाला आहे. मात्र तो रुग्णालयीन उपचारांपुरता आहे. निवासाचा खर्च त्यात येत नाही.

वैद्य व औषधी विक्रेते यांचे कर्तव्य

रुग्ण दुसरीकडे राहावयास गेला की आपले काम संपत नाही. विनानावाच्या पुड्या ही आपल्या व्यवसायातील जुनी सवय येथे घातक ठरते. घरी सुनेला ठाऊक असते की पिवळी पुडी सकाळची व काळी रात्रीची. संस्थेतील सेविकेस हे कळण्याचा मार्ग नसतो. ती एक तर औषध बाजूस ठेवते किंवा भलत्या वेळी देते. रुग्णालयात दाखल करतेवेळी तेथील डॉक्टरांनाही काही सांगता येत नाही. म्हणून :

• प्रत्येक पुडीवर व डबीवर कल्पाचे नाव, मात्रा, वेळ, अनुपान व बंद करण्याची तारीख सोप्या मराठीत लिहावी. 'प्राग्भक्त' न लिहिता 'जेवणाआधी' लिहावे.

• आयुर्वेदीय व आधुनिक अशा सर्व औषधांची एकच यादी करून तिची प्रत संस्थेस, एक नातेवाइकांस द्यावी. औषधी विक्रेत्यांनी जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने औषध देत न राहता ही यादी मागावी. रसकल्पांबाबत तर हे कटाक्षाने पाळावे.

• लवणयुक्त चूर्णे रक्तदाब, हृद्रोग व वृक्कविकार असणाऱ्यांस. आसवारिष्टे व अवलेह मधुमेहींस विचारपूर्वक द्यावेत. मूत्रल गोळ्या घेणाऱ्यांत ज्येष्ठमधाच्या दीर्घ वापराने पोटॅशियम घटते. इसबगोल पुरेशा पाण्याविना देऊ नये. तीक्ष्ण विरेचन टाळावे.

• अभ्यंग बसवून करावा व तळपाय पुसल्याखेरीज उठू देऊ नये. तेलाने घसरून मोडलेला खुबा वृद्धास कायमचे परावलंबी करू शकतो. बस्ती प्रशिक्षित व्यक्तीनेच द्यावा.

दर तीन महिन्यांनी सहा कार्यांचे परीक्षण पुन्हा करावे. एखादे कार्य सुटले तर उपस्थाता वाढवावा, सुधारले तर कमी करावा. बरा झालेला रुग्ण संस्थेतून घरी परतणे हेही चिकित्सेचे यशच होय. आपल्या नोंदवहीतील सत्तरीपुढील रुग्णांच्या केसपेपरवर या सहा ओळी येत्या तिमाहीत लिहून पाहाव्यात. पुढे कुटुंबीय सल्ला विचारण्यास येतील तेव्हा उत्तराचा आधार आपल्या हाती लेखी असेल.