स्फटिक, दाब आणि पुरावा : अतिक्रांतिक द्रायूंचा एक पाठ

खडीसाखर आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. साखरेच्या दाट पाकात दोरा सोडून तो सावकाश निवू दिला की दोऱ्यावर टपोरे, पैलूदार खडे जमतात. तोच पाक घाईने आटवून घोटला की बारीक भुकटी होते. पदार्थ तोच, चवही तीच. घडण मात्र परिस्थितीप्रमाणे बदलते. औषधांसारख्या कार्बनी पदार्थांचे स्फटिक वाढविण्याची एक निराळी रीत गेल्या काही दशकांत विकसित झाली आहे. तिची ओळख आम्ही येथे करून देत आहोत. आम्ही इतिहासाचे अभ्यासक असल्यामुळे त्यातील रसायनाइतकाच, ‘हे खरे ठरले कसे?’ हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

पुसली गेलेली सीमा

1822 साली शार्ल कान्यार द ला तूर या फ्रेंच संशोधकाने बंदुकीच्या नळीचा तुकडा घेतला, त्यात द्रव आणि गारगोटीचा एक गोळा घालून तो घट्ट बंद केला व तापविला. नळी कलवून तो आतल्या गोळ्याचा आवाज ऐकत असे. एका विशिष्ट तापमानापलीकडे द्रवातून गोळा जाताना होणारा आवाज ऐकू येईनासा झाला. पुढे बंद काचनळ्यांत त्याने डोळ्यांनीच पाहिले : द्रव आणि बाष्प यांच्यामधील रेषा नाहीशी होत होती. 1869 साली बेलफास्टच्या टॉमस अँड्रूज यांनी कार्बन डायऑक्साइडवर काटेकोर मोजमापे करून दाखविले की, सुमारे 31 अंश सेल्सिअसच्या वर हा वायू कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही. या तापमानास क्रांतिक तापमान म्हणतात. त्याच्या जोडीचा क्रांतिक दाब कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे 73 पट असतो. या दोन्हींच्या पलीकडील पदार्थ म्हणजे अतिक्रांतिक द्रायू. तो धड द्रव नसतो, धड वायूही नसतो.

द्रव आणि वायू यांमधील जी सीमा स्वभावसिद्ध मानली जात होती, ती परिस्थितिसिद्ध निघाली. माणसामाणसांतील सीमा जन्मसिद्ध मानण्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजलेल्या आपल्या समाजास या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

वायूत विरघळलेला घन पदार्थ

1879 साली ग्लासगोच्या जेम्स हॅने आणि जेम्स होगार्थ यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक नवलाचे निरीक्षण मांडले. क्रांतिक तापमानापलीकडे तापविलेल्या अल्कोहोलमध्ये पोटॅशियम आयोडाइडसारखे क्षार विरघळलेलेच राहतात. दाब कमी करताच ते हिमासारखे खाली झरतात किंवा काचेवर दहिवरासारखे साठतात. पुढच्याच वर्षी विल्यम रॅम्झी यांनी आक्षेप घेतला की, यात नवे काही नाही. ही उष्ण द्रवातील नेहमीचीच विद्राव्यता आहे. वाद प्रतिष्ठेवर मिटला नाही, प्रयोगांनी मिटला. 1906 साली ब्यूखनर यांनी दाबाखालील कार्बन डायऑक्साइडमध्ये नॅप्थलीन, म्हणजे आपल्या कपाटातील डांबरगोळीचा पदार्थ, नुसत्या बाष्पदाबावरून अपेक्षित असते त्याहून कितीतरी अधिक विरघळतो, हे मोजून दाखविले.

याचे कारण घनतेत आहे. अतिक्रांतिक द्रायू द्रवाइतका दाट होऊ शकतो, म्हणून तो पदार्थ विरघळवितो. आणि वायूसारखा पातळ असल्यामुळे सूक्ष्म फटींतही सहज शिरतो. दाब थोडा बदलला की घनता व तिच्याबरोबर विरघळविण्याची शक्ती पुष्कळ बदलते. म्हणजे दाबाची चावी ही स्फटिकांची चावी झाली. विद्राव बारीक छिद्रातून एकदम मोकळा सोडला तर क्षणार्धात सूक्ष्म कण बनतात. दाब वा तापमान हळूहळू बदलले तर मोठे स्फटिक वाढण्यास अवसर मिळतो. जो पदार्थ कार्बन डायऑक्साइडमध्ये विरघळतच नाही, त्यासाठी उलट युक्ती योजतात. तो प्रथम साध्या विद्रावकात विरघळवितात व त्यात दाबाखाली कार्बन डायऑक्साइड सोडतात. विद्रावकाची शक्ती घटते आणि स्फटिक बाहेर पडतात. शेवटी दाब काढला की कार्बन डायऑक्साइड वायुरूपाने निघून जातो, स्वतःचा अवशेष ठेवत नाही. वैशाखात आपल्याकडील हवाच 31 अंशांच्या वर असते. तेव्हा उष्णतेने बिघडणाऱ्या औषधांस ही रीत किती सौम्य आहे, हे ध्यानात यावे.

रुग्णाच्या दृष्टीने

श्वासावाटे घेण्याच्या औषधाचे कण साधारण 1 ते 5 मायक्रोमीटरचे असले तरच ते फुप्फुसांत खोलवर पोहोचतात. कणांच्या आकाराइतकीच स्फटिकाची आतली रचनाही महत्त्वाची असते. एचआयव्हीवरील रिटोनाव्हिर या औषधात 1998 साली त्याच रेणूंचा, पण वेगळ्या रचनेचा स्फटिक अवचित प्रकट झाला. तो फारच कमी विरघळत असल्याने कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या व रुग्णांना द्रवरूप औषधावर भागवावे लागले. स्फटिक कोणत्या परिस्थितीत घडतो, हे जाणणे रुग्णाच्या जिवाशी असे निगडित असते.

एकाच माणसाचे दोन दावे

त्याच हॅने यांनी 1880 साली दुसरा दावा केला : आपण कृत्रिम हिरे बनविले. बंद लोखंडी नळ्यांत तेले व लिथियम तापवून केलेल्या या प्रयोगांत बहुतेक नळ्या फुटल्या. त्यांचे म्हणून जपलेले कण 1943 साली बॅनिस्टर व कॅथलीन लॉन्सडेल यांनी क्ष-किरणांनी तपासले. बहुतेक खरोखरच हिरे निघाले. परंतु पुढील परीक्षणांत ते नैसर्गिक असल्याचे दिसून आले. ते नळीत कसे आले, हा वेगळा प्रश्न. हॅनेंच्या नळ्यांतून हिरे तयार झाले नाहीत, हे आज सर्वमान्य आहे.

माणूस एकच, काळही जवळपास एकच. एक दावा टिकला, दुसरा गळून पडला. सांगणाऱ्याच्या नावावरून दोहोंपैकी एकाचाही निर्णय करता आला नसता. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले : परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका. बाबासाहेबांनी ज्या धम्माची निवड केली, त्याच्या शास्त्याने स्वतःच्या शब्दालाही अपौरुषेयत्व दिले नाही. हा निकष विज्ञानाच्या तासापुरता राखून चालणार नाही. सभेतील भाषण, भ्रमणध्वनीवर आलेला संदेश, आपल्याच माणसाने छातीठोकपणे सांगितलेला इतिहास, या सर्वांना तो लावण्याची सवय मुलांना लागावी, यासाठीच आपण ही निवासी शाळा चालवितो.

अतिक्रांतिक प्रयोगांचे दाब जीवघेणे असतात. ते घरी वा शाळेत कदापि करू नयेत. परंतु साखरेचा संपृक्त पाक दोन पेल्यांत घेऊन, एक स्थिर ठेवावा व दुसरा निवेपर्यंत ढवळत राहावे. पालकांनी मुलांसमवेत आठवडाभर रोज पाहावे, दिसेल तेवढेच वहीत लिहावे, आणि शेजारच्या घरी केलेल्या नोंदींशी ते ताडून पाहावे.